डोळ्यांची साक्ष



कान आणि डोळे यांत चार बोटांचे अंतर असते असे सांगून आपल्या वाडवडिलांनी ऐकीव गोष्टीपेक्षा पाहिलेल्या गोष्टीला नेहमीच अधिक मान दिला. आणि गावच्या पंचांपासून जिल्ह्याच्या न्यायकचेरीपर्यंत सर्वत्र ‘मी स्वतः पाहिले’ असे शपथेवर सांगणाऱ्याची जबानी ही इतर सर्व पुराव्यांहून वजनदार मानण्याचा प्रघात आजतागायत चालत आलेला आहे. या प्रतिष्ठित साक्षीदाराविरुद्ध आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत. विमान आकाशातून जमिनीवर उतरत असताना, म्हणजे ज्या घटकेला वैमानिकाला आपल्या दृष्टीची गरज सर्वांत अधिक असते नेमक्या त्याच घटकेला, मनुष्याचा डोळा त्याला कोणकोणत्या प्रकारे फसवतो, आणि तो फसवतो हे पुरते ठाऊक असलेल्या माणसालाही का फसवतो, हा माझा विषय आहे.

हा विषय मुंबईच्या किंवा पुण्याच्या सभागृहात मांडणे सोयीचे झाले असते. परंतु जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या रहिवाशांपुढे तो मांडण्यास एक सबळ कारण आहे. पश्चिमेस ज्यांची सरहद्द सह्याद्रीच्या कड्यावर संपते, नाणेघाट, दाऱ्या घाट आणि आहुपे घाट यांच्या तोंडांशी ज्यांचे पठार एकाएकी तुटून दोनअडीच हजार फूट खाली कोकणात कोसळते, अशा या मुलुखाने दोन हजार वर्षे व्यापाऱ्यांचे तांडे घाट चढून येताना पाहिले, सातवाहनांच्या राणीने लेण्यात कोरविलेला लेख जपला, जकातीचा दगडी रांजण जपला. आणि याच मुलुखाने १९६२ सालच्या जुलै महिन्यातील एका रात्री, उलट्या दिशेने, पूर्वेकडून पश्चिमेकडे मुंबईस उतरू पाहणारे एक मोठे प्रवासी विमान आपल्या डोंगरावर आदळून नष्ट झालेलेही पाहिले.

ते विमान आलितालिया या इटालियन कंपनीचे, डीसी-८ जातीचे, चार जेट इंजिनांचे होते. सिडनीहून निघून बँकॉकमार्गे ते मुंबईस येत होते आणि पुढे त्याला रोमला जावयाचे होते. आत ९४ माणसे होती. त्यांपैकी ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी. आषाढ नुकताच लागला होता, पावसाळा ऐन भरात होता, आणि ७ जुलैची मध्यरात्र उलटून काही मिनिटेच झाली होती. मुंबईच्या नियंत्रण कक्षाशी संभाषण चालू होते, विमान उतरणीला लागले होते, आणि मग उत्तर येणे थांबले. मुंबईच्या ईशान्येस सुमारे ८४ किलोमीटरवर, जुन्नरजवळच्या ज्या डोंगराचे नाव चौकशीच्या कागदोपत्री ‘दावंड्याची’ असे नोंदले गेले आहे, त्याच्या माथ्याच्या अगदी निकट, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० फुटांवर ते आदळले होते. ९४ पैकी एकही जीव वाचला नाही.

या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात येण्यासाठी उतरणीचे साधे गणित सांगतो. प्रवासी विमान धावपट्टीकडे येताना क्षितिजाशी साधारणतः ३ अंशांचा कोन करून उतरते. म्हणजे प्रत्येक सागरी मैलामागे, जो आपल्या हिशेबाने १.८५ किलोमीटरांचा होतो, ते सुमारे ३०० फूट खाली येते. या हिशेबाने ३,६०० फुटांवर असलेल्या विमानापासून धावपट्टी १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर दूर असावयास हवी. प्रत्यक्षात मुंबई होती ८४ किलोमीटर दूर. आणि तितक्या अंतरावर असताना विमानाने याच उतरणीच्या मापाने सुमारे साडेतेरा हजार फुटांवर असावयास हवे होते. शिवाय उंचीमापक हा समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो, पायाखालच्या जमिनीपासूनची सांगत नाही. जुन्नर शहरच मुळी सव्वादोन हजार फुटांच्या वर वसलेले आहे; त्यामुळे मुंबईच्या किनाऱ्यावर ३,६०० फूट ही जी सुखाची उंची, तीच येथल्या पठारावर तेरा-साडेतेराशे फुटांची उरते, आणि शिवनेरीच्या माथ्याशी बरोबरी करू लागते. उत्तरेच्या हरिश्चंद्रगडाची उंची तर साडेचार हजार फुटांच्याही वर आहे.

चौकशीअंती जो निष्कर्ष निघाला तो असा की, मार्गनिर्धारणातील चुकीमुळे वैमानिकाला आपण मुंबईच्या प्रत्यक्षाहून अधिक जवळ पोहोचलो आहोत असे वाटले, आणि त्या समजुतीने त्याने थेट धावपट्टीवर उतरण्यासाठी वेळेपूर्वीच खाली येण्यास आरंभ केला. आपले नेमके स्थान पडताळून पाहण्याची जी साधने उपलब्ध होती त्यांचा उपयोग झाला नाही, त्या मार्गावर ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीचे उल्लंघन झाले, आणि या प्रदेशाच्या भूरचनेशी वैमानिकाचा परिचय नव्हता, ही तीन कारणे त्या निष्कर्षास जोडलेली आहेत. आता एखादा चोखंदळ श्रोता म्हणेल की, येथे डोळ्याचा भ्रम कोठे आला? रात्र होती, पावसाळी हवा होती, उपकरणांच्या आधारे चाललेले उड्डाण होते; डोळ्याला दिसण्यासारखे काही नव्हतेच. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि दावंड्याच्या अपघाताला मी दृष्टिभ्रमाचा अपघात म्हणणार नाही. तो स्थानभ्रमाचा अपघात होता. परंतु स्थानभ्रम आणि दृष्टिभ्रम ही एकाच कुळातील भावंडे आहेत. दोहोंतही मन अगोदर एक चित्र निश्चित करते, आणि मग जे दिसेल किंवा जे दिसणार नाही ते सारे त्या चित्राचे समर्थन म्हणून स्वीकारते. चार वर्षांच्या आतच, २४ जानेवारी १९६६ रोजी, डॉ. होमी भाभा ज्यात होते ते एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे विमान जिनिव्हाकडे उतरत असताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि ११७ माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हाही पर्वत आपण ओलांडला आहे अशी जी समजूत झाली ती याच जातीची होती.

आता डोळ्याकडे वळू. दोन डोळ्यांच्या संयोगाने अंतर जोखण्याची जी शक्ती निसर्गाने आपल्याला दिली आहे, ती हाताच्या टप्प्यातील आणि अंगणातील वस्तूंसाठी आहे. काही किलोमीटर दूरच्या धावपट्टीसाठी ती निरुपयोगी ठरते. तेवढ्या अंतरावर वैमानिकाचा डोळा दुसऱ्याच खुणांवर विसंबतो. लांब, सरळ धावपट्टी वरून पाहिली असता तिच्या दोन कडा दूर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि एक विशिष्ट समलंब चौकोन दिसतो. हजारो वेळा उतरून उतरून वैमानिकाच्या मनात ‘बरोबर उंचीवरून दिसणारा चौकोन’ असा एक ठसा उमटतो, आणि प्रत्येक नव्या अवतरणाच्या वेळी तो समोरचे दृश्य त्या ठशाशी नकळत ताडून पाहतो. या ठशात धावपट्टीची लांबी, रुंदी आणि सपाटी ही सारी नेहमीसारखीच असणार असे एक गृहीत गुप्तपणे दडलेले असते, आणि साऱ्या भ्रमांचा उगम तेथेच आहे.

समजा, ४५ मीटर रुंदीच्या धावपट्टीची ज्याला सवय आहे असा वैमानिक ३० मीटर रुंदीच्या धावपट्टीकडे आला. समोरचा चौकोन त्याला नेहमीपेक्षा अरुंद आणि लांबट दिसेल. असा लांबट चौकोन नेहमीच्या धावपट्टीवर अधिक उंचीवरून दिसत असल्याने आपण फार वर आहोत असे त्याला वाटेल, आणि ते दुरुस्त करण्याच्या सद्हेतूने तो प्रत्यक्षात योग्य उंचीवर असलेले विमान खाली नेईल. धावपट्टी नेहमीपेक्षा रुंद असेल तर याच्या उलट घडते; तो वाजवीहून वर राहतो आणि जमिनीचा अंदाज चुकून विमान धावपट्टीवर आदळण्याची किंवा पुष्कळ पुढे जाऊन टेकण्याची पाळी येते. उताराचेही तसेच आहे. धावपट्टी समोरच्या टोकाकडे १ अंशाने चढत गेलेली असेल, तर ३ अंशांच्या योग्य मार्गावरून येणाऱ्या वैमानिकाला तिचे रूप ४ अंशांवरून दिसावे तसे दिसते. आणि डोळ्याला परिचित असे ३ अंशांचे रूप साधण्याच्या प्रयत्नात तो वस्तुतः २ अंशांच्या मार्गावर, म्हणजे एक-तृतीयांश उंची गमावून, येऊन ठेपतो. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, या वैमानिकाच्या हातून निष्काळजीपणा मुळीच घडलेला नाही. जितक्या कसोशीने तो आपल्या डोळ्याची आज्ञा पाळील तितका तो अधिक संकटात जाईल.

याला हवेची भर पडते. धूसर हवेत वस्तूंच्या कडा पुसट होतात, आणि पुसट वस्तू दूरची असते हे डोळ्याला बालपणापासून ठाऊक असल्यामुळे धावपट्टी आहे त्याहून दूर आणि आपण आहोत त्याहून उंच भासतो. समोरच्या काचेवर पावसाचे पाणी वाहत असले की प्रकाशकिरण वाकतात, आणि तेथेही अधिक उंचीचा भास होऊन विमान खाली खेचले जाते. धुक्याच्या थरात शिरताना विमानाचे नाक वर उचलले गेल्यासारखे वाटते आणि वैमानिक ते खाली दाबू पाहतो. उलटपक्षी, स्वच्छ रात्री धावपट्टीचे दिवे फार प्रखर ठेवलेले असतील तर ती जवळ आल्यासारखी वाटते. आपल्याकडचा पावसाळा यांतील तीन-तीन, चार-चार गोष्टी एकाच वेळी वैमानिकापुढे उभ्या करतो. १२ जुलै १९४९ रोजी, भर पावसाळ्यात, मुंबईस उतरू पाहणारे केएलएम या डच कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान खाली उतरलेल्या ढगांत घाटकोपरच्या डोंगरावर आदळले आणि आतील ४५ही माणसे ठार झाली; इंडोनेशियाचा दौरा आटोपून परतणारे १३ अमेरिकन पत्रकार त्यांत होते.

परंतु या सर्वांहून अधिक घातक, आणि बुद्धीला अधिक विचार करावयास लावणारा, असा जो भ्रम आहे त्याला वैमानिकांच्या भाषेत ‘ब्लॅक होल’ म्हणतात. रात्रीची वेळ, हवा निर्मळ, दूरवर धावपट्टीचे आणि तिच्यामागच्या शहराचे दिवे झगमगत आहेत. आणि विमान व ते दिवे यांच्या मध्ये समुद्र आहे, वाळवंट आहे, किंवा दिवा म्हणून जेथे एक नाही असे रान आहे. मधला सारा प्रदेश म्हणजे निव्वळ काळोख. ज्यावरून उंची जोखावी असे झाड नाही, घर नाही, रस्ता नाही. धोका आहे अशी यत्किंचित शंकाही येऊ नये इतके दृश्य प्रसन्न असते. अशा वेळी डोळ्याला धरून ठेवण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे दिव्यांच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या टोकांमध्ये डोळ्याशी होणारा कोन. आणि वैमानिक नकळत तो कोन कायम राखीत विमान खाली आणतो.

आता शाळेत शिकलेला भूमितीचा तो सिद्धांत आठवा की एकाच वर्तुळकंसात अंतर्लिखित केलेले कोन समान असतात. दोन स्थिर बिंदूंमधील कोन कायम ठेवून जो चालेल, त्याचा मार्ग सरळ रेषा असूच शकत नाही. तो त्या दोन बिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा कंस असतो, आणि हा कंस योग्य मार्गाच्या सरळ रेषेखाली झोळीसारखा लोंबतो. तीन किलोमीटर लांबीची धावपट्टी आणि वीस किलोमीटरवरून योग्य उंचीवर झालेला आरंभ असे धरून हिशेब केला, तर दहा किलोमीटर उरले असता जेथे ५२० मीटरांच्या आसपास उंची हवी तेथे ती सुमारे ३०० मीटरच उरते. पाच किलोमीटर उरले असता जेथे २६० मीटर हवी तेथे अवघी ९० मीटर उरते. मधली जमीन पाटासारखी सपाट असेल तर विमान एखादे वेळी निभावूनही जाईल. पण त्या काळोखात एखादी टेकडी, मनोरा किंवा झाडांची रांग उभी असेल, अथवा पलीकडचे शहर चढावर वसलेले असेल, तर तो कंस धावपट्टीस पोहोचण्यापूर्वीच जमिनीला मिळतो. आणि या संपूर्ण उतरणीत वैमानिकाच्या डोळ्याला एका क्षणासाठीही काही वावगे दिसत नाही. कारण ज्या एका गोष्टीवर त्याने दृष्टी खिळविली होती ती, म्हणजे तो कोन, खरोखरच बदललेली नसते.

१९६० नंतरच्या दशकात नव्याने सेवेत आलेली काही बोइंग ७२७ विमाने रात्री उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच कोसळली, तेव्हा त्या कंपनीतील कॉनराड क्राफ्ट या मानसशास्त्रज्ञाने या कोड्याचा छडा लावण्याचे मनावर घेतले. चढावर वसलेल्या एका शहराचे रात्रीच्या दिव्यांसह दृश्य त्याने प्रयोगशाळेत निर्माण केले, नकली कॉकपिटमधील उंचीमापक झाकून टाकला, आणि इतरांना विमान चालविणे शिकविणाऱ्या मुरब्बी वैमानिकांना केवळ नजरेच्या आधारे उतरावयास सांगितले. आपण योग्य उंचीवर आहोत अशा पूर्ण विश्वासाने ते योग्य मार्गाच्या कितीतरी खाली उतरत गेले. या प्रयोगाने एक गोष्ट कायमची निकालात काढली. दृष्टिभ्रम ही नवशिक्यांची व्याधी आहे आणि अनुभव हा तिच्यावरचा उतारा आहे, असे यापुढे कोणालाही म्हणता येणार नाही.

मुंबईच्या आकाशाने डोळ्याच्या फसगतीचा आणखी एक नमुना दाखविला आहे. जुहू आणि सांताक्रूझ हे दोन विमानतळ एकमेकांच्या इतके निकट, आणि त्यांच्या पूर्व-पश्चिम धावपट्ट्यांच्या दिशा एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या, की १९५३ सालच्या जुलैत ब्रिटिश कंपनीचे एक कॉमेट जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले, आणि २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सच्या डीसी-८ विमानाने पुन्हा तीच चूक केली. पहिले काही दिवसांनी तेथून उडविता आले. दुसरे धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि कायमचे निकामी झाले, मात्र सुदैवाने प्राणहानी झाली नाही. धावपट्टीची अपेक्षा धरून आलेल्या डोळ्याला जी पहिली धावपट्टी भेटली, तीच त्याने आपली म्हणून पत्करली.

आपल्या शास्त्रकारांनी भ्रमाचा विचार फार बारकाईने केलेला आहे, आणि त्यांनी केलेला एक भेद या ठिकाणी मला विशेष मार्मिक वाटतो. दोरीवर सर्प भासतो, आणि दिवा आणून पाहिल्यावर तो नाहीसा होतो. हा निरुपाधिक भ्रम. परंतु जास्वंदीच्या फुलाशेजारी ठेवलेला स्फटिक तांबडा दिसतो, आणि तो तांबडा नाही हे पुरते कळल्यानंतरही, फूल जवळ आहे तोवर, तो तांबडाच दिसत राहतो. हा सोपाधिक भ्रम. पहिल्याचा नाश ज्ञानाने होतो. दुसऱ्यात ज्ञान होते, पण भास जात नाही. शिवनेरीच्या आडून उगवणारा पौर्णिमेचा चंद्र माथ्यावर आलेल्या चंद्रापेक्षा केवढा तरी मोठा दिसतो. दोन्ही वेळी हात लांब करून त्यावर एकच नाणे धरून पाहा, दोन्ही बिंबे सारखीच ठरतील, आणि नाणे खाली घेताच उगवता चंद्र पुन्हा मोठा दिसू लागेल. अवतरणाच्या वेळचे बहुतेक सारे दृष्टिभ्रम या दुसऱ्या जातीचे आहेत. म्हणूनच वैमानिकाला भ्रमांची यादी मुखोद्गत करावयास लावणे हे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. ज्याला ‘ब्लॅक होल’ची भूमिती तोंडपाठ आहे त्यालाही त्या रात्री तो स्फटिक तांबडाच दिसणार आहे. ज्ञानाचे काम येथे एवढेच, की या घटकेला आपल्या डोळ्याची साक्ष ग्राह्य धरावयाची नाही हा निर्णय त्याने अगोदर, दिवसाउजेडी, जमिनीवर बसून करून ठेवावा.

विमानविद्येची गेल्या सत्तर-पाऊणशे वर्षांतील प्रगती म्हणजे, एका दृष्टीने, या निर्णयाला दिलेले यांत्रिक रूप होय. धावपट्टीवरून रेडिओलहरींची एक अदृश्य उतरण आकाशात उभी केली जाते आणि विमानातील काटा तिच्यापासून झालेले विचलन दाखवितो. धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची एक ओळ लावलेली असते. दोन पांढरे आणि दोन तांबडे दिसले तर मार्ग योग्य, चारही पांढरे दिसले तर विमान फार वर, चारही तांबडे दिसले तर घातक इतके खाली. ब्रिटनमधील बेडफर्डच्या संशोधनसंस्थेत १९७०च्या दशकात सिद्ध झालेल्या या योजनेचे चातुर्य असे की, ती डोळ्याला अंदाज करण्याचे काम न देता केवळ रंग ओळखण्याचे काम देते, जे तो बिनचूक करतो. याच दशकात डॉन बेटमन या अभियंत्याच्या खटपटीतून, जमीन धोकादायक रीतीने जवळ येऊ लागताच ओरडून इशारा देणारे यंत्र विमानांत बसविले जाऊ लागले, आणि पुढे त्याच यंत्राच्या पोटात जगातील डोंगरांचा नकाशा साठविला गेला. पायाखालचा डोंगर दिसो वा न दिसो, तो तेथे आहे हे सांगणारा साक्षीदार १९६२ सालच्या त्या डीसी-८मध्ये नव्हता. डोळा मिटूनही आकाश पाहता येते ही गोष्ट याच मुलुखात, खोडद आणि त्याच्या आसपासच्या परिसरातील प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी रात्रंदिवस सिद्ध करीत असतात. तेव्हा ती आपल्याला नवखी वाटण्याचे कारण नाही.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. डोळ्याच्या जागी उपकरण बसविले म्हणजे अंधविश्वासाचे केवळ दैवत बदलले, असे कोणी म्हणेल. आणि १ जानेवारी १९७८च्या रात्री मुंबईहून दुबईस निघालेल्या ‘एम्परर अशोक’ या जंबो जेटचा दाखला देईल. उड्डाणानंतर काही क्षणांतच विमान अरबी समुद्राच्या काळोखावर आले, क्षितिज दिसेनासे झाले, मुख्य वैमानिकासमोरचे विमानाचा कल दाखविणारे उपकरण बिघडून विमान उजवीकडे झुकले आहे असे खोटेच सांगू लागले, आणि ते दुरुस्त करू जाता विमान डावीकडे कलत कलत वांद्र्याच्या समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. परंतु या दाखल्याचा पूर्ण तपशील पाहिला तर तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. त्याच कॉकपिटमध्ये विमानाचा कल दाखविणारी दुसरी उपकरणे शाबूत होती. खिडकीबाहेर क्षितिज असते तर डोळ्याने उपकरणाची चूक पकडली असती. ते नव्हते, म्हणून एका उपकरणाची चूक दुसऱ्याने पकडावयास हवी होती. तात्पर्य, डोळा असो वा काटा असो, एकट्या साक्षीदाराच्या जबानीवर फैसला करावयाचा नाही, हाच नियम. आणि दोन साक्षींत विसंवाद दिसताच उतरणे सोडून वर जावयाचे, हा त्याचा अंमल.

किमान सुरक्षित उंचीचा नियम मला म्हणूनच सर्वांत श्रेष्ठ वाटतो, आणि दावंड्याच्या डोंगराचा धडा अखेर त्याच नियमापाशी येऊन थांबतो. त्या त्या प्रदेशातील सर्वांत उंच डोंगर कोणता हे अगोदर पाहून, त्याच्यावर हजार फुटांची, आणि डोंगराळ मुलुखात दोन हजार फुटांपर्यंतची राखीव उंची ठेवून हा आकडा ठरविला जातो, आणि आपण कोठे आहोत हे निःसंशय सिद्ध होईपर्यंत त्याखाली जाण्यास मनाई असते. यात वैमानिकाच्या कौशल्यावर अविश्वास नाही. मनुष्याच्या ज्ञानेंद्रियांची मर्यादा ओळखून, ती मर्यादा जेथे सुरू होते त्याच्या पुष्कळ अलीकडे घातलेला तो बंदोबस्त आहे. धोका दिसतो म्हणून हा हुकूम पाळावयाचा नसतो. धोका दिसत नाही, आणि दिसणारही नाही, म्हणून तो पाळावयाचा असतो.

विमानविद्येबाहेरही या गोष्टीला अर्थ आहे. घाटातील वळणावर समोरची गाडी दूर आहे असे ठामपणे वाटून पुढे काढणारा मोटारचालक, धरणाचे पाणी उथळ आहे असे पाहून त्यात उतरणारा तरुण, हे सारे आपापल्या डोळ्यांचे आज्ञाधारकच असतात. अनुभवाने आत्मविश्वास वाढतो. त्या प्रमाणात अचूकता वाढतेच असे नाही, हे क्राफ्टच्या प्रयोगातील मुरब्बी शिक्षकांनी दाखवून दिले आहे.

शेवटी दोन विनंत्या करतो. या तालुक्यांतील पुष्कळ मुले-मुली आज वैमानिक होण्याची उमेद बाळगतात. त्यांच्या शिक्षकांनी आणि पालकांनी त्यांना शिवनेरी आणि नाणेघाट दाखविताना दावंड्याच्या डोंगराची हकीकतही सांगावी, आणि ती दैवाचा घाला म्हणून न सांगता भूगोलाचा व भूमितीचा पाठ म्हणून सांगावी. दुसरी विनंती वडीलधाऱ्यांना. त्या घटनेला साठांहून अधिक वर्षे उलटली. चौकशीचे निष्कर्ष दफ्तरात सुरक्षित आहेत, परंतु त्या पावसाळी रात्रीनंतर डोंगराच्या पायथ्याच्या वस्त्यांतील लोकांनी काय पाहिले, काय ऐकले, आणि त्यांपैकी कोण कोण वर चढून गेले, हे ज्यांना ठाऊक आहे अशी माणसे आता थोडी उरली आहेत. ज्यांच्या घरात अशी आठवण असेल त्यांनी ती याच वर्षी, आठवणाऱ्याच्या तोंडच्या शब्दांत, तारीख आणि ठिकाण घालून लिहून काढावी आणि तिची एक प्रत गावच्या शाळेत व एक तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवावी.